'ऑफ' म्हणजे बंद, मग अलार्म 'ऑफ' गेला म्हणजे वाजला कसा?

खाडाखोड

'द अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ.' अलार्म वाजला म्हणून मी तो बंद केला. एकाच वाक्यात दोन ऑफ, पहिल्या ऑफला घड्याळ बोंबलायला लागतं आणि दुसऱ्या ऑफला गप्प होतं. बरं, 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणलं की दिवे गेले, म्हणजे तेच वेंट, तोच ऑफ, आणि अर्थ बरोब्बर उलटा.

मी सबटायटल्सच्या अनुवादाचं काम करते त्यामुळे हा शब्द रोज समोर येतो आणि प्रत्येक वेळी नवा मराठी शब्द मागतो. 'आय अ‍ॅम ऑफ' म्हणजे निघालो मी. 'द वेडिंग इज ऑफ' म्हणजे लग्न मोडलं. 'द मिल्क इज ऑफ' म्हणजे दूध नासलंय. 'ही टोल्ड मी ऑफ' म्हणजे तो मला रागावला. 'शी ड्रॉप्ड ऑफ' म्हणजे तिला डुलकी लागली, पण 'शी ड्रॉप्ड मी ऑफ' म्हणजे तिने मला सोडलं (घरी, नात्यातून नव्हे). 'समथिंग इज ऑफ' म्हणजे काहीतरी गडबड आहे. 'दे आर वेल ऑफ' म्हणजे खाऊनपिऊन सुखी आहेत. यात बंद कुठेच नाही.

शाळेत आपल्याला ऑन म्हणजे चालू आणि ऑफ म्हणजे बंद एवढंच सांगतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो असं माझं ठाम मत झालंय. बंद हा ऑफचा मूळ अर्थच नाही, तो नंतर डोक्यावर चढून बसलेला अर्थ आहे. मूळ अर्थ आहे 'सुटून लांब'. दिव्याचं बटण ऑफ केलं की आत दोन धातूंचा स्पर्श सुटतो, प्रवाह तुटतो, म्हणून दिवा जातो. आणि बंदूक ऑफ जाते तेव्हा आत दाबून धरलेलं काहीतरी सुटतं. बॉम्ब, फटाका, अलार्म हे सगळे बंदुकीच्या रांगेतले. जुन्या चावीच्या घड्याळात तर अक्षरशः एक खटका सुटायचा आणि स्प्रिंग मोकळी होऊन घंटा वाजायची. म्हणजे दिवा विझतो तोही सुटल्यामुळे आणि अलार्म वाजतो तोही सुटल्यामुळे, फरक एवढाच की एकात धरून ठेवल्यामुळे काम चालू होतं आणि दुसऱ्यात धरून ठेवल्यामुळे थांबलेलं होतं.

तुम्हाला हे पटतं का, आणि तुमच्या कामाच्या ठिकाणी हा शब्द कसा वापरतात ते सगळं इथे लिहा, मला खरंच हवंय.

पाऊलवाट

पटलं, आणि एक गोष्ट लगेच डोक्यात आली. तुम्ही 'सुटणे' हे क्रियापद घेतलंत ते नुसतं समजावण्यापुरतं नाहीये, ते खरोखरच ऑफच्या मापाचं आहे. बघा ना, बंदुकीची गोळी सुटली, ऑफ. आरोपी सुटला, 'ही गॉट ऑफ'. गाडी सुटली, 'सेट ऑफ'. फुलांचा वास सुटला, 'गिव्ह ऑफ'. सिगरेट सुटली, 'ही इज ऑफ सिगरेट्स'. ऑफिस सुटलं म्हणजे आता मी 'ऑफ' आहे.

आणि आता खरी गंमत. 'डे ऑफ'ला मराठीत काय म्हणतो आपण? सुट्टी. आणि 'ट्वेंटी पर्सेंट ऑफ'ला? वीस टक्के सूट. दोन्ही शब्द सुटणेमधूनच आलेले! इंग्रजी माणसाने कामापासून सुटलेल्या दिवसाला आणि किमतीतून सुटलेल्या पैशाला एकच शब्द लावला आणि मराठी माणसानेही स्वतंत्रपणे तेच केलं. मी हे टाइप करता करताच मला दिसलं आणि भयंकर आनंद झालाय.

कोरडेठाक

धागा चांगला आहे पण एक सावधगिरीची सूचना. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. असं एक सूत्र हातात दिलं की विद्यार्थी खूश होतात आणि मग ते सूत्र लावून स्वतःची वाक्यं बनवायला लागतात, आणि तिथे फसतात. कारण सूत्रावरून झालेला अर्थ समजतो पण कुठलं क्रियापद कुठल्या अर्थाने ऑफ घेतं ते सूत्र सांगत नाही. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं आणि 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं हे 'सुटून लांब' वरून कोणी ओळखून दाखवावं. दोन्हीत लांबच जातंय की. पण सभा 'कॉल्ड ऑफ' असेल तर घरी बसा, 'पुट ऑफ' असेल तर नवीन तारीख विचारा, फरक मोठा आहे. वर पुट ऑफचा अजून एक अर्थ, 'हिज मॅनर पुट मी ऑफ', त्याच्या वागण्याने माझं मन उडालं.

आणि वेल ऑफचं काय करणार? 'बॅडली ऑफ', 'बेटर ऑफ', यात काय सुटलं? ऑफ व्हाइट घ्या, तो पांढऱ्यापासून सुटलाय का? तर माझं म्हणणं असं की कळायला सूत्र ठीक, बोलायला मात्र वाक्यं जशीच्या तशी तोंडात बसवायला लागतात, त्याला पर्याय नाही.

खाडाखोड

कोरडेठाक, बोलायला वाक्यंच बसवायला लागतात हे शंभर टक्के मान्य, मी अर्थ उलगडण्याबद्दलच बोलतेय. पण ऑफ व्हाइट मात्र सूत्रात चपखल बसतो. नेमक्या जागेवरून थोडं सरकलेलं. पांढऱ्यावरून सरकलं की ऑफ व्हाइट, सुरावरून सरकलं की ऑफ की, रस्त्यावरून सरकलं की ऑफ ट्रॅक. 'समथिंग इज ऑफ' पण तेच, जिथे असायला हवं तिथून हललंय. दूध ऑफ झालं तेही चांगल्या अवस्थेपासून ढळलं म्हणून.

वेल ऑफसाठी मी 'कम ऑफ वेल' लक्षात ठेवते. भांडणात, व्यवहारात, स्पर्धेत शेवटी कोण कसा बाहेर पडला त्याला कम ऑफ म्हणतात, 'ही केम ऑफ वर्स' म्हणजे त्याचंच जास्त नुकसान झालं. तसं आयुष्याच्या धबडग्यातून बऱ्यापैकी बाहेर पडलेला तो वेल ऑफ असं मी लावून घेतलंय.

पाऊलवाट, सूट आणि सुट्टी! मस्त! मला अजून तीन क्रियापदं सापडलीत ती संध्याकाळी लिहिते, आत्ता कामाची वेळ आहे.

जुनाजाणता

उशिरा आलो. थोडी व्युत्पत्ती सांगतो कारण या शब्दाची आपल्याशी फार जवळची ओळख आहे आणि ती फारशी कोणी करून देत नाही.

जुन्या इंग्रजीत ऑफ आणि ऑव्ह हे दोन शब्द नव्हतेच, एकच होता. 'पासून, दूर' हा त्याचा अर्थ. वाक्यात जोर देऊन म्हणला की तो ऑफ व्हायचा आणि घाईत, जोर न देता म्हणला की ऑव्ह. हळूहळू जोरवाल्याला एक एफ जास्त मिळाला, अर्थ वेगळे झाले आणि साधारण १७ व्या शतकापर्यंत दोन वेगळे शब्द म्हणून ते पक्के झाले. आजही ऑव्ह लिहिताना एफ लिहितात आणि म्हणताना व्ह म्हणतात, तो त्या जुन्या एकत्र कुटुंबाचा पुरावा. 'वन ऑव्ह देम' म्हणजे त्यांच्यातून सुटा काढलेला एक, बघा अर्थ अजून आत आहे.

आता नातेवाईक. जर्मनमधला अब, लॅटिनमधला अब, ग्रीकमधला अपो, आणि संस्कृतमधला अप. हे सगळे एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज. अपमान, अपयश, अपघात, अपव्यय यातला अप म्हणजेच ऑफ! लॅटिन घेतलं तर 'अ‍ॅब्डक्ट' म्हणजे अब + ओढून नेणं, आणि आपलं 'अपहरण' म्हणजे अप + हरण, नेणं. इंग्रजीत 'कॅरी ऑफ'. तिन्ही भाषांनी एकच गोष्ट एकाच पद्धतीने सांगितली. अपभ्रंश म्हणजे घसरून बाजूला पडलेलं, शब्दशः 'फॉल ऑफ'. अपेक्षा म्हणजे अप + ईक्षा, लांब नजर लावून बसणं.

खगोलशास्त्रात तर हे फार सुंदर दिसतं. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सगळ्यात लांब असते, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटर. त्या बिंदूला इंग्रजीत अ‍ॅफेलियन म्हणतात, ग्रीक अपो + हेलिओस म्हणजे सूर्य. मराठीत अपसूर्य. मुद्दाम भाषांतर करून बनवलेला शब्द असला तरी बनवणाऱ्याला तोच उपसर्ग घरातच सापडला.

आणि एक शेवटचं. 'आफ्टर' हा शब्दही याच घरातला, मूळ अर्थ 'अजून लांबचं, नंतरचं'. संस्कृतमध्ये त्याच मुळापासून 'अपर' झालं. म्हणून दुपारनंतरच्या वेळेला ते आफ्टरनून म्हणतात आणि आपण अपराह्न.

मात्र ऑफिस, ऑफर, ऑफेन्स यांना यात ओढू नका, ते लॅटिनमधून आलेले वेगळे शब्द आहेत, तिथे ऑफ दिसतो तो योगायोग. उलट ऑफस्प्रिंग मात्र खरा यातला, ज्याच्यापासून उगवून वेगळं झालं ते अपत्य. (आणि अपत्य या शब्दातही तोच अप आहे, त्याच्या पुढे 'त्य' लागलंय.)

पाऊलवाट

जुनाजाणता काका, __/\__ अपराह्न आणि आफ्टरनून एका घरातले हे कळल्यावर आता दुपारचं घड्याळ बघताना दर वेळी आठवणार.

गोलकीपर

खेळातला ऑफ कोणी लिहिला नाही अजून म्हणून लिहितो.

क्रिकेटमध्ये ऑफ साइड आणि लेग साइड. उजव्या हाताने खेळणारा बॅट्समन असेल तर गोलंदाजाकडे तोंड केल्यावर त्याच्या उजवीकडची बाजू ऑफ, डावखुरा आला की अदलाबदल. म्हणजे ऑफ ही मैदानाची बाजू नाही, माणसाच्या उभं राहण्यावर ठरते, पाय ज्या बाजूला आहेत ती लेग आणि पायांपासून लांबची ती ऑफ. पुन्हा लांबच! घोड्याच्या बाबतीतही असंच, घोड्यावर डावीकडून चढतात म्हणून घोड्याची डावी बाजू नियर आणि उजवी ऑफ, आणि ब्रिटनमध्ये मोटारीलाही हेच शब्द लागले, फुटपाथकडची बाजू नियरसाइड आणि ड्रायव्हरकडची ऑफसाइड.

आता ऑफ स्पिनबद्दल एक गोष्ट. नवीन बघणाऱ्यांना वाटतं ऑफ स्पिन म्हणजे ऑफकडे वळणारा चेंडू. तसं नाही. ऑफ ब्रेक म्हणजे ऑफकडून आत येणारा, उजव्या हाताच्या बॅट्समनला टप्पा पडल्यावर ऑफकडून लेगकडे. लेग ब्रेक उलटा, लेगकडून ऑफकडे जाणारा. म्हणजे नाव कुठून निघाला त्याचं आहे, कुठे पोचला त्याचं नाही. ऑफ ड्राइव्हमध्ये मात्र चेंडू जातो ऑफकडे.

फुटबॉलमधला ऑफसाइड वेगळा. तिथे साइड म्हणजे आपला संघ, आपल्या संघापासून तुटून पुढे जाऊन उभा राहिलेला तो ऑफसाइड. १८६३ च्या सुरुवातीच्या नियमात तर चेंडूच्या पुढे असलेला सहकारी खेळातूनच बाद धरायचे, म्हणजे पुढे पास देणं जवळपास अशक्यच. मग समोर तीन विरोधी खेळाडू असले तर चालेल असं झालं, १९२५ ला तिनाचे दोन केले आणि गोल धडाधड वाढले. १९९० पासून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत असलात तरी चालतं. हॉकीने तर १९९० च्या दशकात ऑफसाइडच काढून टाकला, त्याने खेळ केवढा मोकळा झाला ते जुने सामने बघितलेल्यांना विचारा.

किक ऑफ, प्ले ऑफ, सेंड ऑफ हे वेगळेच. सेंड ऑफ खेळात म्हणजे लाल कार्ड दाखवून बाहेर काढणं आणि ऑफिसात सेंड ऑफ म्हणजे निरोप समारंभ. एकात माणूस मान खाली घालून जातो, दुसऱ्यात हार घालून.

ताळेबंद

हिशेबाच्या जगात ऑफ चुकीचा समजला तर माणसं विनाकारण एकमेकांवर ओरडतात म्हणून हे लिहितोच.

'राइट ऑफ'. बँकेने कर्ज राइट ऑफ केलं अशी बातमी आली की सगळे म्हणतात माफ केलं. नाही हो! राइट ऑफ म्हणजे ते कर्ज वसूल होण्याची आशा कमी आहे म्हणून बँकेने ते आपल्या ताळेबंदातून काढलं. निर्लेखन म्हणतात त्याला. कर्जदाराच्या डोक्यावरून ते उतरत नाही, बँक वसुलीची कारवाई चालू ठेवू शकते, आणि पुढे पैसे आले तर ते उत्पन्नात दाखवते. माफ करणं म्हणजे 'वेव्ह ऑफ' असं आपल्याकडे लिहितात, त्याला इंग्रजीत नुसतं 'वेव्ह' (waive) पुरतं, ऑफ लागत नाही. खऱ्या 'वेव्ह ऑफ'चं स्पेलिंग वेगळं (wave off) आणि त्याचा अर्थ हात हलवून निरोप देणं. तर बातमीत राइट ऑफ वाचलं की माफी समजू नका, कळकळीची विनंती.

'सेट ऑफ' म्हणजे एकाच्या देण्यातून दुसऱ्याचं देणं वजा करणं. तुम्ही मला शंभर देणं लागता आणि मी तुम्हाला साठ, तर साठ सेट ऑफ करून चाळीसच द्या. तोट्याला नफ्यातून सेट ऑफ करतात तेही हेच. 'पे ऑफ' म्हणजे कर्ज पूर्ण फेडणं, पण 'इट पेड ऑफ' म्हणजे मेहनतीचं चीज झालं, आणि कोणाला 'पे ऑफ' केलं म्हणजे त्याचं तोंड बंद ठेवायला पैसे चारले असाही अर्थ होतो, तेव्हा पत्रात लिहिताना कोणाला काय पे ऑफ केलं ते नीट लिहावं. 'ले ऑफ' म्हणजे कामावरून कमी करणं, त्यात माणसाचा दोष नसतो, काम नसतं. दोष असेल तर 'फायर'. राजीनामा, ले ऑफ आणि फायर हे तीन वेगळे आहेत, नोकरीच्या अर्जात गल्लत करू नका.

खाडाखोड

संध्याकाळ झाली, आले. ताळेबंद, तुमचा 'डोक्यावरून उतरत नाही' हा प्रयोग माझ्या यादीतच होता!

तर तीन क्रियापदं. पहिलं निघणे. 'वी आर ऑफ', आम्ही निघालो. 'द बटन केम ऑफ', बटण निघालं. म्हणजे सुरुवात करणं आणि तुटून वेगळं होणं हे दोन्ही अर्थ निघणेमध्ये शेजारी शेजारी बसलेत, जसे ऑफमध्ये. किक ऑफ, सेट ऑफ, स्टार्ट ऑफ मध्ये 'सुरू' कुठून आलं असं विचारतात त्याचं उत्तर हेच, आहे ती जागा सोडली की प्रवास सुरू झाला.

दुसरं उतरणे. 'गेट ऑफ द बस', बसमधून उतर. 'टेक युवर शूज ऑफ', बूट उतरव. 'द इफेक्ट वोअर ऑफ', भूल उतरली, नशा उतरली.

आणि तिसरं माझं सगळ्यात आवडतं, टाकणे. 'फिनिश इट ऑफ', संपवून टाक. 'किल ऑफ', मारून टाकणं. 'पे ऑफ', फेडून टाकणं. 'सेल ऑफ', विकून टाकणं. क्रिया पुरती झाली, आता त्यातलं काही शिल्लक नाही, हे सांगायला इंग्रजी ऑफ लावते आणि मराठी टाकणे लावते, आणि टाकणे म्हणजे मुळात हातातून सोडून देणंच ना. नुसतं 'विकलं' आणि 'विकून टाकलं' यात जो फरक आहे तोच 'सोल्ड' आणि 'सोल्ड ऑफ' मध्ये आहे, दुसऱ्यात सुटका झाल्याचा सूर आहे. हे लक्षात आल्यापासून माझी सबटायटल्स सुधारलीत हे मी खात्रीने सांगते, कारण आधी मी ऑफ दिसला की त्याच्यासाठी एक वेगळा शब्द शोधायचे, आता क्रियापदालाच जोडक्रियापद लावते आणि वाक्य मराठी होतं.

रातपाळी

मी नर्स आहे. आमच्याकडे ऑफ चोवीस तास चालतो.

पेशंट 'ऑफ फूड' आहे म्हणजे खायला नको म्हणतोय, अन्नावरची वासना गेलीय. 'ऑफ कलर' म्हणजे जरा बरं वाटत नाहीये, चेहरा उतरलाय. (वर उतरणे लिहिलंय त्यात हेही घाला.) इंग्लंडमध्ये डॉक्टर लोक वयस्कर पेशंटबद्दल 'ऑफ लेग्ज' असं म्हणतात, म्हणजे आतापर्यंत हिंडतफिरत होते आणि अचानक उभं राहता येत नाहीये. हा काही आजार नाही, ही तक्रार आहे, आणि तिच्यामागे साधं लघवीचं इन्फेक्शनसुद्धा असू शकतं म्हणून ती गंभीरपणे घ्यायची असते.

व्हेंटिलेटरवरून 'वीन ऑफ' करतात म्हणजे आधार थोडा थोडा कमी करत सोडवतात. एकदम काढत नाहीत. लहान बाळाचं अंगावरचं दूध सोडवतात त्यालाच वीन म्हणतात, शब्द तिथूनच आलाय. आणि 'ऑफ लेबल' औषध म्हणजे नकली किंवा चुकीचं औषध नव्हे बरं का! ज्या आजारासाठी, ज्या वयासाठी किंवा ज्या डोससाठी त्या औषधाला अधिकृत मान्यता आहे त्याच्या बाहेर डॉक्टरने विचार करून दिलेलं. लहान मुलांच्या बाबतीत हे बरेचदा होतं कारण खूप औषधांच्या चाचण्या मोठ्यांवरच झालेल्या असतात. नातेवाईक इंटरनेटवर ऑफ लेबल वाचून घाबरतात, त्यांनी घाबरण्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारावं की का दिलं.

कोरडेठाक

रातपाळी, फार उपयोगी प्रतिसाद.

आता मी व्याकरणाचं एक सांगतो जे माझ्या वर्गात रोज लागतं. 'टेक ऑफ युवर कोट' बरोबर, 'टेक युवर कोट ऑफ' पण बरोबर. पण कोटच्या जागी 'इट' आलं की 'टेक इट ऑफ' एवढंच चालतं, 'टेक ऑफ इट' चालत नाही. सर्वनाम आलं की ते मधेच बसतं. हा नियम पुट इट ऑफ, कॉल इट ऑफ, टर्न इट ऑफ सगळ्यांना लागतो. मात्र 'गेट ऑफ द बस' मध्ये ऑफ बसशी बांधलेला आहे म्हणून तिथे 'गेट ऑफ इट' बरोबर आणि 'गेट इट ऑफ' म्हणलं तर अर्थच बदलतो, काढ ते अंगावरून. आणि बस, ट्रेन, विमान, सायकल यातून गेट ऑफ, पण कारमधून 'गेट आउट ऑव्ह'. ज्यात चढल्यावर उभं राहता येतं, चालता येतं किंवा ज्याच्यावर टांग टाकून बसतो त्याला ऑन आणि ऑफ, ज्यात वाकून आत शिरतो त्याला इन आणि आउट. ही खूण विद्यार्थ्यांना लगेच बसते.

चहाबिस्कीट

मी गप्प वाचत होते पण 'ऑफ कोर्स' राहूच देऊ शकत नाही. अर्ध्या जगाच्या चॅटमध्ये 'अर्थात' म्हणायचं असतं आणि डबल एफ टाकतात. ऑव्ह कोर्स म्हणजे अर्थात. ऑफ कोर्स म्हणजे मार्गावरून भरकटलेलं, जहाज ऑफ कोर्स जातं. बॉसने विचारलं प्रोजेक्ट वेळेवर चाललंय ना आणि तुम्ही उत्साहाने डबल एफवालं उत्तर लिहिलंत तर त्याचा शब्दशः अर्थ 'भरकटलंय' असा होतो!

तसंच डे ऑफ आणि ऑफ डे. 'आय हॅव अ डे ऑफ' म्हणजे सुट्टी. 'आय अ‍ॅम हॅविंग अ‍ॅन ऑफ डे' म्हणजे आज माझं काहीच धड होत नाहीये. आपण 'आज माझा ऑफ आहे' म्हणतो ते मराठीत चालतं, इंग्रजीत 'आय अ‍ॅम ऑफ टुडे' म्हणायचं. आणि 'मूड ऑफ' हा तर आपणच घडवलेला शब्द, त्यांच्याकडे 'इन अ बॅड मूड'. मला मूड ऑफ आवडतो खरं तर. मूड हे बटण असावं तसा, आणि मराठीत तो इतका रुळलाय की त्याला चुकीचं म्हणावंसं वाटत नाही, फक्त इंग्रजीत लिहिताना टाळायचा.

कोरडेठाक

चहाबिस्कीट, सहमत. मराठीत आला की तो शब्द मराठीचा, त्याचे नियमही इथले.

गोलकीपर

जुनाजाणता काका, एक विचारायचं होतं. 'इन द ऑफिंग' म्हणजे लवकरच होऊ घातलेलं. पण ऑफ म्हणजे लांब तर लांबचं जवळ कसं झालं?

जुनाजाणता

चांगला प्रश्न. ऑफिंग हा खलाशांचा शब्द. किनाऱ्यावर उभं राहिलं की बंदराच्या पलीकडे जो खोल समुद्राचा पट्टा दिसतो, क्षितिजाच्या अलीकडचा, त्याला ऑफिंग म्हणतात. किनाऱ्यापासून लांब म्हणून ऑफ. पण ऑफिंगमध्ये जहाज दिसायला लागलं म्हणजे ते दृष्टीच्या टप्प्यात आलं, वारा आणि भरती मिळाली की बंदराला लागणार. जागा लांबची, बातमी जवळची. बढती 'इन द ऑफिंग' आहे म्हणतात तेव्हा तीच जहाजाची गोष्ट. मराठीत याला 'घाटत आहे' म्हणता येईल, पण त्यात समुद्र दिसत नाही. खाडाखोड, तुम्ही सबटायटलमध्ये काय लिहिता?

खाडाखोड

'येऊ घातलंय' लिहिते काका. दोनच शब्द, स्क्रीनवर मावतात, आणि काहीतरी तिकडून इकडे येतंय ही हालचाल राहते. बढती असेल तर 'बढती येऊ घातलीय', वादळ असेल तर 'वादळ येऊ घातलंय'. यापेक्षा बरं कोणाला सुचलं तर इथेच लिहा, पुढच्या कामात एक ऑफिंग आलेलं आहे, अजून पाठवलेलं नाही.